जोडकाकांची हाडांची वही

जोडकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी जिवंत होतो, एवढं मला पक्कं आठवतं. पुढच्या सव्वा मिनिटाबद्दल छातीठोकपणे काही सांगता येणार नाही.

छापखान्यात कॅलेंडर टांगायला मी स्टुलावर चढलो, स्टुलाने ऐनवेळी आपला एक पाय काढून घेतला आणि माझा उजवा खांदा जागा सोडून पाठीच्या बाजूला राहायला गेला. सहकाऱ्यांनी मला कागदाच्या हातगाडीवर घातलं आणि वीटभट्टीमागच्या वस्तीत नेलं. तिथे पत्र्याच्या छपराखाली एक खोली होती. भिंतीवर बांबूच्या कामट्या टांगलेल्या, कोपऱ्यात शिलाईचं मशीन, आणि मधोमध बाकावर एक माणूस बसला होता. माणूस कसला, बिजागऱ्यांसकट काढून आणलेला दरवाजाच. पंजे फावड्याएवढे. मी बोंबलत होतो आणि तो कानामागची पेन्सिल काढून एक जाडजूड वही उघडत होता.

"कुणी मारलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. पडलो."

"ढकललं कुणी?"

"कुणी नाही हो! स्टुलावरून पडलो!"

"स्वतःहून?" त्याने पेन्सिल खाली ठेवली. "धाकट्या, जरा ये रे बघायला. हा माणूस स्वतःहून पडलाय."

मशीनमागून एक काडीसारखा माणूस उठला, सुई दातात धरून त्याने मला अजब जनावर पाहावं तसं निरखलं आणि परत जाऊन बसला. मग जोडकाकांनी माझ्या काखेत आपली टाच रोवली, मनगट धरलं आणि जे काही केलं त्याने तीन गल्ल्यांतले कावळे उडाले, भट्टीवरच्या बायकांच्या डोक्यावरच्या विटा पडल्या, आणि मी माझ्या सात पिढ्यांच्या पूर्वजांना क्रमाने भेटून आलो. डोळे उघडले तर खांदा जागेवर होता आणि काका वहीत लिहीत होते: 'उजवा खांदा. पडला. स्वतःहून.' शेवटच्या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

त्या वस्तीत कुणी स्वतःहून पडत नसे, हे मला पुढे कळलं. कधीकाळी एका देशाचे दोन देश झाले तेव्हा नकाशावरची रेघ या माणसांच्या डोक्यावरून गेली. इकडचे म्हणाले, ही तिकडची. तिकडचे म्हणाले, आम्ही यांना ओळखत नाही. तेव्हापासून ही माणसं विटा पाडत होती, गटारं उपसत होती आणि वर्षातून दोन-तीनदा मार खात होती. कधी पोलिसांचा, कधी मुकादमाचा, कधी नुसताच हात मोकळा करायला आलेल्या टोळक्याचा. दवाखान्यात गेलं की खिडकीतला माणूस आधी ओळखपत्र मागायचा आणि मग मोडलेला हात बघायचा. ओळखपत्र नाही म्हटल्यावर हात बघायचाही नाही. म्हणून सगळी हाडं जोडकाकांकडे यायची.

काकांचा एक हट्ट होता. हाड कुणी, कधी आणि कशाने मोडलं हे कळल्याशिवाय ते हात लावायचे नाहीत. "हाड ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने परत येतं," म्हणायचे. रोगी कितीही विव्हळो, आधी वही. बांधल्याची तारीख, सोडायची तारीख. आणि कामट्या सोडल्या की वहीत त्याचा अंगठा. हे अंगठ्याचं प्रकरण काही शास्त्राचं नव्हे. सुरुवातीला एकाने 'हात वाकडा बसवलास' म्हणून त्याच हाताने काकांच्या कानाखाली वाजवली होती. हात चांगलाच सरळ बसल्याचा तो पुरावा होता, पण काकांनी धडा घेतला. पुढे प्रत्येकाला हात वर-खाली करायला लावायचा, 'सरळ आहे?' विचारायचं, आणि अंगठा घ्यायचा. अशी चौतीस वर्षं. आठ वह्या शिवून एक केलेली. शिलाई धाकट्याची.

धाकटा म्हणजे काकांचा भाऊ, शिंपी. थोरला जितका आडदांड तितका हा भित्रा. दंगा व्हायच्या आदल्या दिवशी याला वास यायचा. काठ्यांचा पहिला आवाज होईपर्यंत हा मागच्या खिडकीतून भट्टीच्या धुराड्यापाशी पोचलेला. वस्तीतले लोक घड्याळ लावतात तशी धाकट्यावर नजर ठेवायचे. तो मशीनला कुलूप लावताना दिसला की बायका पोरं आत घ्यायच्या. पन्नाशी आली तरी त्याच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. "आमच्या धाकट्याला देवाने हाडं दिलीत ती नुसती कपडे टांगायला," असं काका सगळ्यांना सांगायचे, आणि सांगताना डोळ्यांत असं कौतुक की जणू भावाने कुस्ती मारली.

या वस्तीत एक मास्तरीणबाई होत्या. त्याही बिनदेशाच्या. बाहेरच्या शाळेत पोरांना घेत नाहीत म्हणून त्या पंपघराच्या ओट्यावर शिकवायच्या. सरकारने पत्रक काढलं की जो तीस वर्षांपूर्वीपासून इथे राहतो हे सिद्ध करील त्याला नागरिक मानू, बाकीच्यांना ट्रकने रेघेपलीकडे सोडू. तेव्हा बाहेरून कुणी वाली आला नाही. बाईंनी फळा काखेत मारला आणि घरोघर फिरल्या. रोज संध्याकाळी ओट्यावर सभा. पुरावा म्हणजे काय, हे त्या पहिलीच्या पोरांना समजवावं तसं समजवायच्या. लोकही पुरावे आणायचे. एकाने घराचा दरवाजा उचकटून आणला. एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला आणलं: "हा मला तीस वर्षं शिव्या देतोय, विचारा!" शेजाऱ्याने लगेच दोन देऊन दाखवल्या. बाई हसल्या, मग ओट्याच्या पायरीवर बसून रडल्या. जबानी चालत नव्हती. तारीख आणि खूण लागत होती.

तिसऱ्या आठवड्यात पोलिसांनी ओट्यावरची सभाच झोडपली. फळा फुटला, बाईंचं मनगट मोडलं. त्या काकांपुढे बसल्या. काकांनी वही उघडली. "कुणी मारलं?" बाई वहीकडे बघत होत्या. धडक्या हाताने त्यांनी पानं मागे उलटायला सुरुवात केली. वीस वर्षं मागे. तीस. तारीख आणि अंगठा, तारीख आणि अंगठा.

"काका," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही कुणाला दाखवलंत?"

"कशाला दाखवू? लोकांच्या मोडतोडीची वही ती. आधी मनगट द्या."

"थांबा हो!" आणि मनगट तसंच लोंबत असताना बाईंनी वही छातीशी धरली ती सोडीचनात. त्यांच्या किंकाळ्या आणि हसणं एकदम चालू होतं. बाहेरच्यांना वाटलं काकांच्या हातून बाईंचं डोकं बिघडलं.

बाईंनी वही नागरिकत्वाच्या सरकारी खात्यात नेली. खात्याने ती मान्य केली, पण तीन अटींवर. एक, अंगठे जुळले पाहिजेत. दोन, दहातल्या एकाचा सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढणार. हाड वहीत लिहिल्याप्रमाणे जुनं मोडलेलं दिसलं पाहिजे. तीन, एक जरी नोंद खोटी निघाली तरी सगळी वही बाद.

झालं! वस्तीची सगळी रीतच उलटली. कालपर्यंत ज्याने मार चुकवला तो शहाणा होता. आज ज्याच्या चार फासळ्या मोडलेल्या तो जहागीरदार. म्हाताऱ्या आपलं वाकडं कोपर लुगड्याबाहेर काढून मिरवू लागल्या. "माझा हात मुकादमाने मोडलाय, पोलिसाने नव्हे," अशी घराण्याची प्रतिष्ठा निघाली. मी फॉर्म भरून द्यायला जायचो, माझ्या समोर एक तरुण सून म्हाताऱ्या सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, तेव्हा जरा पुढे होऊन खाल्ला असता मार, तर आज आमचं भलं झालं असतं." ज्यांचं काहीच मोडलं नव्हतं त्यांतली मुलं आईबापांच्या हाडावर आली, बायका नवऱ्यांच्या. काहींना बाईंनी भट्टीवरची जुनी हजेरी शोधून दिली. तरी छत्तीस जण उरले. त्यांत धाकटा. आईबाप वहीच्या आधीच गेलेले, लग्न झालेलं नाही, शिवलेल्या कपड्यावर शिंप्याची सही नसते. आणि नियमात भाऊ नव्हता.

वहीची बातमी बाहेर गेली तशी एका सकाळी पलीकडच्या रस्त्यावरचं टोळकं ती जाळायला आलं. पंधरा-वीस जण, हातात सळया. मशीनला कुलूप कधीचंच लागलं होतं. बायका काकांच्या दारात बसल्या, त्यांना केसांनी ओढून बाजूला फेकलं. पंप चालवणारा म्हातारा पाण्याची कळशी घेऊन मध्ये पडला. त्याच्या डोक्यात सळई बसली आणि टरबूज फुटावं तसा आवाज झाला. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. मग काका बाहेर आले. ज्याला जोडता येतं त्याला सोडवताही येतं, हे टोळक्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एकाचं कोपर धरून नुसतं फिरवलं. तो जमिनीवर लोळला. दुसऱ्याचा अंगठा उलटा केला. पुढाऱ्याचा खांदा असा काढला की सळई धरलेला हात त्याच्याच गुडघ्याला लागला. काकांच्याही पाठीवर सात-आठ बसल्या, भुवई फुटून डोळा रक्ताने भरला, पण पुढारी लोळल्यावर बाकीचे पांगले. पुढारी तिथेच बोंबलत राहिला.

काकांनी त्याला बाकावर निजवलं आणि वही उघडली.

"कुणी मारलं?"

"तुम्हीच की हो!"

काकांनी इमानाने लिहिलं: 'उजवा खांदा. मी.' मग टाच लावून खांदा बसवला. "वर कर. खाली कर. सरळ आहे? लाव अंगठा."

त्याने लावला. काय करतो?

पंपवाला तिसऱ्या दिवशी गेला. त्याची नोंद काकांनी केली, पण बांधल्याची तारीख घातली नाही. "डोकं बांधता येत नाही," एवढंच म्हणाले आणि दिवसभर बाकावर कुणाला बसू दिलं नाही.

वहीच्या सुनावणीच्या आदल्या दुपारी मी काकांकडे शेवटचे फॉर्म लावत बसलो होतो. धाकटा कपडे इस्त्री करत होता. सकाळी साहेबापुढे जायचं तर लोकांचे सदरे कडक हवेत. कोळशाची लोखंडी इस्त्री, पाच-सहा किलोंची. ती सदऱ्यावरून फिरवता फिरवता तो म्हणाला, "दादा, तिसऱ्या पानावर खाली जागा आहे."

काकांनी वहीवर हात ठेवला.

"दोन ओळींची. डावं मनगट लिही. अंगठा मी देतो."

"आणि एक्स-रे?"

"दहात एक काढतात. नऊ वेळा सुटतो की मी!"

"दहाव्या वेळी?"

"दहाव्या वेळी बघू."

"अरे गाढवा, एकशे एकेचाळीस माणसं आहेत या वहीवर. एक ओळ खोटी निघाली तर सगळी ट्रकमध्ये. तुझ्या नऊ वेळांसाठी मी त्यांची दहावी वेळ कशी लावू?"

धाकट्याने इस्त्री उभी केली. "तिसऱ्या पानावर काय आहे, दादा? वाच."

"ठाऊक आहे मला."

"वाच ना! 'डाव्या तीन फासळ्या. पोलीस.' कुणाच्या? तुझ्या. का मोडल्या? ते मला शोधत आले होते आणि तू दारात आडवा उभा राहिलास. 'मागून पळ' कोण म्हणालं? मी थांबलो होतो दादा, मी खिडकीत थांबलो होतो, तूच ढकललंस. आयुष्यभर माझ्या वाटचा मार तू खाल्लास. आणि आता माझ्या वाटचा कागदही तूच खातोस?"

"धाकट्या—"

"मोड मग! आत्ता मोड. ये!" त्याने आपला हात बाकावर आपटला.

"ताजं मोडलेलं एक्स-रेत कळतं, वेड्या."

हे उत्तर काकांनी अगदी कामाच्या आवाजात दिलं. मला वाटतं तेच लागलं. धाकट्याने इस्त्री उचलली. हा माणूस झुरळ मारायलाही शेजारणीला बोलवायचा. मला उठायला वेळच मिळाला नाही. इस्त्री काकांच्या गळ्याशेजारी बसली, कोळसे उडाले, आणि सुकी फांदी मोडते तसा आवाज आला. काका बाकावरून खाली गेले. त्यांनी हात उचलला नाही. उचलला असता तर धाकट्याचा तिथेच चुरा झाला असता. दुसऱ्यांदा इस्त्री वर गेली तेव्हा मी धाकट्याच्या कमरेला मिठी मारली आणि आम्ही दोघे मशीनवर कोसळलो. मला त्याचे दात दंडात लागले.

मग एकदम सगळं थांबलं. सदरा जळत होता. मी त्यावर पाणी ओतलं.

"हंसळी गेली, गळ्याखालचं हाड," काका जमिनीवरून म्हणाले. "धाकट्या, रडू नकोस. पट्टी घे. काखेखालून ने. तिकडून नव्हे रे, इकडून. ओढ. अजून ओढ. तू काय झबलं शिवतोयस?"

धाकटा हुंदके देत बांधत होता. शेवटची गाठ त्याने इतकी नाजूक मारली की पट्टी तासाभरात सैल झाली. पण वस्तीत दुसरं कुणी बांधणारं नव्हतं. काकांनी डाव्या हाताने वही ओढली आणि वेड्यावाकड्या अक्षरात काहीतरी लिहिलं. मी विचारलं नाही.

सकाळी सुनावणीच्या रांगेत बाईंनी वही उघडली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. शेवटची नोंद होती: 'उजवी हंसळी. घसरून पडलो.'

"काका, तुम्ही घसरलात?"

"हो."

"मानेवर भाजलंय तुमच्या."

"घसरताना भाजलं."

खाडाखोड केली तर खाडाखोड म्हणून वही जाणार. बाई रांगेत दगडासारख्या उभ्या राहिल्या.

आत टेबलामागे साहेब, शेजारी अंगठे तपासणारा भिंगवाला. माणसं एकेक करून अंगठा द्यायची आणि आपली मोडतोड सांगायची. बाईमाणसं बाही वर करायची. एका बाईचं मनगट तिच्या नवऱ्यानेच मोडलं होतं. साहेबांनी नवऱ्याला विचारलं तर तो खाली बघायला लागला. "सांगा की आता," ती म्हणाली, "तेव्हा तर मोठ्या तोऱ्यात मोडलं होतंत." त्याने हो म्हटलं. भिंगवाल्याने तिचा अंगठा जुळवला. तिचं बघून पुढच्या चार बायका धीट झाल्या, आणि पुढच्या चार नवऱ्यांना घाम फुटला.

काकांची पाळी आली. साहेबांनी गळ्यातली पट्टी पाहिली, शेवटची नोंद वाचली आणि एक्स-रेला त्यांनाच पाठवलं. दुपारी फोटो आला. तीन फासळ्या तिसऱ्या पानाप्रमाणे जुन्या मोडलेल्या, सरळ जुळलेल्या. आणि खाली डॉक्टरांची ओळ: हंसळीवर वरून जड वस्तूचा मार.

"घसरलात म्हणता?" साहेब म्हणाले. "कशावर?"

"इस्त्रीवर."

"इस्त्री कुठे होती?"

मागे एकशे एकेचाळीस माणसं श्वास धरून उभी. भिंतीशी धाकटा, इस्त्री केलेला सदरा घालून.

"साहेब," काका म्हणाले, "ती वरून येत होती."

आधी भिंगवाला हसला. मग सगळी खोली हसली, रडत हसली. साहेबांनी भिंतीकडे एकदा पाहिलं, पेन उघडलं, 'घसरून पडलो' खोडून तिथे आपल्या अक्षरात 'मार' लिहिलं आणि शेजारी सही केली. कुणी मारलं, हे त्यांनी विचारलं नाही. वही टिकली. एकशे एकेचाळीसांपैकी एकशे अडतीस अंगठे जुळले; विटांनी झिजलेले उरलेले तीन साहेबांनी एक्स-रे काढून मान्य केले.

पुढच्या महिन्यात छत्तीस जणांसाठी ट्रक आले. वस्तीने रस्त्यावर बसून अडवले, तेव्हा काठ्या चालल्या. बाईंचं दुसरं मनगट गेलं. धाकट्याला आदल्या दिवशी वास आला नसेल असं नाही, पण मशीनला कुलूप नव्हतं. तो दारातच उभा राहिला. ट्रकमध्ये चढवताना एका शिपायाने त्याच्या डाव्या मनगटावर दंडुका घातला आणि ते लोंबू लागलं. काका कुंपणापलीकडून ओरडत होते, "छातीशी धर! कोपराखाली आधार दे! अरे, वर धर, वर!" धाकट्याने धरलं. ट्रक गेला. काकांनी घरी येऊन ती नोंद केली.

काकांची हंसळी वाकडी जुळली; उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. निघालेले खांदे आता मास्तरीणबाईच बसवतात.

आठ महिन्यांनी खात्याने नवं पत्रक काढलं. वास्तव्याच्या पुराव्याला आता दोन शेजाऱ्यांच्या सह्या पुरतात. आधी नेलेल्यांना ते लागू नाही.